तारूं धक्क्यास कसें लावतात

समुद्रप्रवासाचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अफाट पाणी, डोंगराएवढ्या लाटा आणि वादळांत सांपडलेलें गलबत उभें राहतें. परंतु ज्यांचा जन्म समुद्रावर गेला अशा नाखव्यांस विचारलें, तर उघड्या समुद्रापेक्षां किनाऱ्याचीच धास्ती अधिक, असें ते सांगतील. भर समुद्रांत तारूं चार हात इकडे वा चार हात तिकडे गेलें म्हणून कांहीं बिघडत नाहीं. तेथें आदळावयास कांहीं नसतें. धक्क्यापाशीं मात्र तेवढाच फरक म्हणजे एखादी फुटलेली फळी, तुटलेला दोर किंवा खलाशाचा चेंगरलेला हात. प्रवासाचे सर्व तास सुखरूप गेले तरी शेवटचीं पांच मिनिटें नीट गेल्याशिवाय प्रवास संपला असें म्हणतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं पुष्कळांनीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत किंवा दाभोळहून पलीकडे धोपाव्यास असा जलप्रवास केला असेल. त्या वेळीं एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. धक्का समोर स्वच्छ दिसत असतांहि तांडेल बोटीचें तोंड भलतीकडेच धरून चालतो. कधीं तर धक्का ओलांडून पुढें जातो आणि मग उलट फिरून धक्क्याशीं येतो. "हा सरळ कां जात नाहीं? उगाच वेळ कां दवडतो?" असें उतारूंपैकीं कोणी तरी म्हणतोच. ह्या प्रश्नाचें उत्तर देणें हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यांत गूढ कांहीं नाहीं. वारा, पाणी आणि तारवाचा स्वभाव ह्या तीन गोष्टी समजल्या कीं उत्तर आपोआप मिळतें.

प्रथम तारवाचा स्वभाव पाहूं. जमिनीवरील गाडी आणि पाण्यावरील बोट ह्यांमध्यें तीन मोठे भेद आहेत. पहिला भेद असा कीं, बोटीस गाडीसारखा आवर नसतो. बैल थांबले कीं गाडी थांबते. मोटारीचा ब्रेक दाबला कीं चाकें जमिनीस घट्ट धरतात. बोटीखालीं धरावयास कांहीं नाहीं. इंजिन बंद केलें तरी ती आपल्या वेगानें पुढें सरकतच राहते. ती लवकर थांबवावयाची तर इंजिन उलट फिरविलें पाहिजे किंवा वल्हीं उलट मारलीं पाहिजेत. आणि त्यालाहि कांहीं अवधि लागतोच.

दुसरा भेद वळण्याचा. बैलगाडी पुढून वळते. बोट मागून वळते. सुकाणूं पिछाडीस असतें. नाळ उजवीकडे वळवावयाची म्हणजे पिछाडी डावीकडे ढकलावी लागते. म्हणून धक्क्याला लागून उभी असलेली बोट एकदम बाहेरच्या बाजूस वळवूं गेलें, तर नाळ धक्क्यापासून सुटते खरी. पण त्याच क्षणीं पिछाडी धक्क्यावर आदळते. शिवाय सुकाणूं हें स्वतः कांहींच करीत नाहीं. त्याच्या पात्यावरून पाणी वाहत असेल तरच तें बोटीस वळवितें. बोट पाण्यांत निश्चळ असली तर सुकाणूं कितीहि फिरविलें तरी व्यर्थ. ह्यावरून तांडेलापुढील पेंच दिसून येईल. बोट आवरण्यासाठीं वेग कमी करावा, तर सुकाणूं ऐकेनासें होतें. सुकाणूं ऐकावें म्हणून वेग ठेवावा, तर धक्का अंगावर येतो. धक्क्यास बोट लावण्याची सारी विद्या हा पेंच सोडविण्यांत आहे.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. गाडीखालील रस्ता स्थिर असतो; बोटीखालील पाणी स्वतःच चालत असतें. खाडींतील प्रवाह एका तासांत दोन सागरी मैल चालत असेल, तर त्यावर तरंगणारी प्रत्येक वस्तु, मग तो माडाचा झाप असो वा शंभर उतारूंची बोट असो, त्याच वेगानें वाहूं लागते. सागरी मैल १,८५२ मीटरांचा असतो. तासाला एक सागरी मैल ह्या वेगास खलाशी एक 'नॉट' म्हणतात. दोन नॉट म्हणजे एका सेकंदांत सुमारें एक मीटर. ऐकावयास हा वेग अगदीं थोडा वाटतो. पण धक्क्यापासून दहा मीटरांवर असतांना दहा सेकंद गैरसावध राहणें म्हणजे काय, हें त्यावरून समजेल.

वाऱ्याची गोष्ट निराळी. प्रवाह बोटीला समूळ उचलून नेतो. वारा तिचा पाण्यावर दिसणारा भागच काय तो ढकलतो. म्हणून मालानें खोल बसलेल्या मचव्यावर प्रवाहाचा अंमल अधिक, तर रिकाम्या, हलक्या आणि उंच बांधणीच्या बोटीवर वाऱ्याचा अंमल अधिक चालतो. त्यांतहि पुष्कळ होड्यांची नाळ उंच व हलकी असते आणि पिछाडी खोल बसलेली असते. त्यामुळें बोटीचा वेग संपला कीं वारा प्रथम नाळेला धरतो आणि तिला आपल्या दिशेनें वळवूं लागतो.

ह्या दोहोंत बलवान कोण? पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट जड आहे. आणि वाहत्या पदार्थाचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ह्या दोन नियमांवरून हिशेब केला तर असें निघतें कीं, सारख्याच क्षेत्रफळावर एक नॉट वेगाच्या पाण्याचा दाब सुमारें अठ्ठावीस नॉट वेगाच्या वाऱ्याच्या दाबाइतका असतो. दोरांनीं बांधलेल्या बोटीवर संथ दिसणारें पाणी केवढा ताण आणतें हें ह्यावरून कळेल. वाऱ्याचा गोंगाट ऐकूं येतो, म्हणून त्याची भीति वाटते. पाणी मुकाट्यानें वाहतें, म्हणून त्याचा विसर पडतो.

आतां हें पाणी वाहतें तरी कां व केव्हां, हें पाहूं. आपल्या खाड्यांतील प्रवाह मुख्यतः भरती-ओहोटीचा. चंद्र व सूर्य ह्यांच्या आकर्षणामुळें समुद्राचें पाणी सुमारें साडेबारा तासांत एकदां चढतें व उतरतें. आणि भरतीची वेळ दररोज सरासरीनें पन्नास मिनिटें पुढें जाते. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांचे जोर एका रेषेंत येतात, तेव्हां उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांशीं काटकोनांत असतात, तेव्हां भांगाची लहान भरती होते. मुंबई बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी ह्यांमधील पाण्याचा फरक साडेचार मीटरांहूनहि अधिक होतो. तेथून दक्षिणेस रत्नागिरी, मालवण, गोवें असें जावें तसतसा तो कमी होत जातो.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आपल्या किनाऱ्यावरील कोळी व खारवी लोकांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पक्षांतील तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येईल तो पूर्ण भरतीचा वाजण्याचा आंकडा. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां, द्वादशीला नऊ वाजतां. आणि पौर्णिमेला वा अमावास्येला बाराच्या सुमारास. ही रीत स्थूल आहे. अचूक वेळेसाठीं छापील कोष्टकें पाहावीं लागतात. तथापि भरती रोज सुमारें पाऊण तास पुढें जाते ह्या शास्त्रीय नियमाशीं ती किती जुळते, हें गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावें.

भरतीचें पाणी सहाहि तास सारख्या वेगानें चढत नाहीं, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक, असें पाणी साधारणपणें चढतें; उतरतेंहि त्याच क्रमानें. एकूण चढ चार मीटरांचा असेल, तर पहिल्या तासांत पाणी फुटभरच चढेल. तिसऱ्या तासांत मात्र पुरतें एक मीटर चढेल. बहुतेक खाड्यांत प्रवाहाचा जोर ह्याच मधल्या दोन तासांत सर्वांत अधिक असतो. आणि भरती पुरी होऊन ओहोटी लागण्यापूर्वीं कांहीं वेळ पाणी जवळजवळ स्तब्ध राहतें. ज्याला घाई नाहीं असा शहाणा नाखवा अवजड गलबत धक्क्याला लावण्यासाठीं तीच घटका निवडतो. पावसाळ्यांत नदीचें पुराचें पाणी ओहोटीस येऊन मिळतें. त्यामुळें ओहोटीचा ओढ फार वाढतो व भरतीचा घटतो.

वाऱ्याचेंहि एक वेळापत्रक असतें. हिंवाळ्यांत कोंकणपट्टीवर पहाटे व सकाळीं जमिनीकडून मतलई वारा वाहतो. दुपारीं जमीन तापली कीं समुद्राकडून खारा वारा सुटतो. म्हणजे पश्चिमेस तोंड असलेल्या धक्क्यापासून सकाळचा वारा बोटीला दूर लोटील आणि दुपारचा वारा तिला धक्क्यावर दाबील. धक्का तोच, बोट तीच, तांडेलहि तोच. परंतु सकाळचा धडा दुपारीं कामास येत नाहीं.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर प्रत्यक्ष धक्क्याकडे वळूं. जाणता तांडेल धक्क्याजवळ येण्यापूर्वीं दुरूनच वेग कमी करतो आणि डोळ्यांनीं चौकशी करतो. निशाणें व चुलींचा धूर कोणीकडे झुकला आहे? नांगरलेल्या होड्यांचीं तोंडें कोणत्या दिशेस आहेत? खोल बसलेलीं गलबतें प्रवाहाकडे तोंड करून राहतात. हलक्या होड्या वाऱ्याकडे पाहतात. दोघींचीं तोंडें निराळ्या दिशांना असतील, तर वारा व पाणी ह्यांचें पटत नाहीं असें समजावें. धक्क्याच्या खांबांमागें पाण्याची शेपटी कोणत्या बाजूस उठते, हेंहि तो पाहतो. ती प्रवाहाची दिशा आणि त्याचा जोर दोन्ही सांगते. मग क्षणभर इंजिन थांबवून, बोट आपल्या आपण कोणीकडे जाते, हें तो आजमावतो. ही एक मिनिटाची परीक्षा पुढील पांच मिनिटांचा धोका टाळते.

ह्या विद्येचा पहिला नियम असा: प्रवाहाकडे तोंड करून धक्क्याला लागावें, प्रवाहाच्या पाठीवर बसून लागूं नये. ह्याचें कारण वर सांगितलेल्या पेंचांत आहे. समजा, प्रवाह दोन नॉटांचा आहे आणि सुकाणूं ऐकण्यासाठीं बोटीला पाण्यांतून दोन नॉटांचा वेग हवा आहे. तांडेलानें प्रवाहाकडे तोंड केलें, तर पाणी जितकें मागें नेतें तितकीच बोट पुढें जाते. धक्क्यावरून पाहणाऱ्यास ती जागच्या जागीं उभी दिसते, तरीहि सुकाणवावरून पाणी वाहतच असतें आणि सुकाणूं ऐकत असतें. तांडेल नाळ धक्क्याकडे किंचित् कलती धरतो, आणि बोट खेंकड्यासारखी आडवी सरकत धक्क्याला अलगद लागते. आतां उलट बाजूनें पाहा. प्रवाह पाठीशीं घेतला, तर प्रवाहाचे दोन आणि बोटीचे दोन मिळून चार नॉट वेगानें ती धक्क्यावर येईल. पांच टनांची बोट ह्या वेगानें आदळली, तर तो आघात एक टन वजन सुमारें एक मीटर उंचीवरून पडल्यासारखा होईल. धक्का ओलांडून पुढें जाऊन तांडेल उलट कां फिरतो, ह्याचें उत्तर हें. तो वेळ दवडीत नसतो; पाणी अंगावर घेण्यासाठीं फिरत असतो.

खाडी आडवी ओलांडतांनाहि हेंच तत्त्व उपयोगी पडतें. वाशिष्ठीच्या मुखाशीं उत्तरेस दाभोळ आणि दक्षिणेस धोपावें. ह्या दोन गांवांमध्यें २००३ पासून मोटारी व माणसें वाहून नेणारी सपाट तळाची फेरीबोट चालते. भरतीचें पाणी पूर्वेकडे आंत शिरतें, ओहोटीचें पश्चिमेकडे समुद्रांत जातें. बोटीला जावयाचें असतें दोहोंशीं काटकोनांत. अशा प्रसंगीं काय करावें लागतें तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. खाडी एक किलोमीटर रुंद, बोटीचा वेग पांच नॉट आणि प्रवाह दोन नॉट माना. बोटीचें तोंड सरळ पलीकडच्या धक्क्याकडे ठेविलें, तर साडेसहा मिनिटांत ती पैलतीरास पोंचेल, पण धक्क्याच्या चारशें मीटर खालीं! तोंड सुमारें चोवीस अंश प्रवाहाकडे वळवून धरलें, तर सुमारें सात मिनिटें लागतील, पण बोट नेमकी धक्क्यावर जाईल. अर्ध्या मिनिटाची ही तूट कोणास महाग वाटेल?

हे चोवीस अंश तांडेल कागदावर काढीत बसत नाहीं. त्याची युक्ति अगदीं साधी आहे. पैलतीरावर एकामागें एक अशा दोन खुणा तो निवडतो. उदाहरणार्थ, धक्क्याचा खांब आणि त्यामागील टेंकडीवरचा एखादा उंच माड. दोन्ही एका रेषेंत दिसत राहिल्या तर बोट नीट चालली आहे. मागची खूण डावीकडे सरकलेली दिसली तर बोट डावीकडे वाहत आहे. उजवीकडे सरकली तर उजवीकडे. त्याप्रमाणें तो नाळ थोडी अधिक वा थोडी कमी वळवितो. प्रत्यक्ष किनाऱ्याशीं आल्यावर फेरीबोट आपली फळी उतरत्या धक्क्यावर टेंकते. तेव्हां इंजिन बंद न करतां हळूहळू पुढें रेटीतच ठेवितात, म्हणजे मोटारी उतरेपर्यंत प्रवाह बोटीला फिरवीत नाहीं.

आतां वाऱ्याचे प्रकार घेऊं. वारा धक्क्यावरून बोटीकडे वाहत असेल, तर तो बोटीला दूर लोटतो. येथें मंदपणा उपयोगाचा नाहीं. तांडेल काहींशा मोठ्या कोनानें, नाळ धक्क्याकडे रोखून येतो; नाळेवरचा खलाशी प्रथम दोर देतो; आणि तो दोर धक्क्याच्या खुंटाला पडला कीं अर्धे काम झालें. मग नाळेपासून मागच्या बाजूस नेऊन बांधलेल्या दोरावर ताण देत इंजिन अगदीं हळू पुढें चालवितात आणि नाळ जणूं धक्क्यापासून दूर वळवावयाची आहे असें सुकाणूं फिरवितात. दोर नाळेला सुटूं देत नाहीं; त्यामुळें पिछाडीच वाऱ्याविरुद्ध धक्क्याकडे ओढली जाते. दहा माणसांनीं ओढून जी बोट हलली नसती, ती एका दोरानें आणि थोड्या विचारानें जागेवर येते.

वारा बोटीकडून धक्क्याकडे वाहत असेल, तर काम सोपें दिसतें. म्हणूनच तेथें पुष्कळ फसतात. बोट धक्क्याला जाणारच आहे. प्रश्न आहे तो कशी जाणार हा. अशा वेळीं धक्क्यापासून बोटीच्या रुंदीइतकें अंतर राखून, धक्क्याला समांतर अशी तिला पूर्ण थांबवावी; नाळ किंचित् बाहेर ठेवावी, कारण वारा तिलाच आधीं दाबतो; आणि बाजूला काथ्याच्या गुंडाळ्या किंवा जुने टायर सोडून उरलेलें काम वाऱ्यावर सोंपवावें. वारा फार असेल, तर अनुभवी नाखवा वाऱ्याच्या बाजूस दूर नांगर टाकतो आणि त्याचा दोर हातानें थोडा थोडा सैल सोडीत बोट धक्क्याकडे जाऊं देतो. नांगराचें हें काम निघतांनाहि उपयोगी पडतें. तोच दोर ओढून बोट धक्क्यापासून सोडवितां येते.

सर्वांत कठीण प्रसंग वारा व प्रवाह समोरासमोर आल्याचा. दुपारचा खारा वारा खाडींत शिरत आहे आणि ओहोटी बाहेर पडत आहे, अशा वेळीं खाडीच्या मुखाशीं आंखूड व उभ्या लाटा उठतात. दोहोंपैकीं कोणाकडे तोंड करावें? नियम असा कीं, त्या घटकेस त्या बोटीवर ज्याचा जोर अधिक, त्याच्याकडे. भरलेला मचवा प्रवाहाकडे तोंड करील. रिकामी हलकी होडी कदाचित् वाऱ्याकडे. शिडाच्या होडीस आणखी एक अडचण असते. वारा पाठीशीं असतां शीड फुगलेलेंच राहतें आणि वेग आटोक्यांत येत नाहीं. म्हणून नाखवा धक्क्यापासून दूर असतांनाच शीड उतरवितो आणि वल्ह्यांनीं प्रवाहाकडे तोंड करून येतो. मुरुडजवळच्या राजपुरीहून जंजिरा किल्ल्यास जाणाऱ्या शिडाच्या होड्या पाहिल्या असतील, त्यांस किल्ल्याच्या दाराशीं पायऱ्यांवर आपटणाऱ्या लाटेंत होडी सांवरणें किती नाजूक काम आहे, हें सांगावयास नको.

यंत्राच्या बोटीची एक खोड येथें सांगितली पाहिजे. पिछाडीखालचा पंखा बोटीला पुढें नेतांना मागून पाहणाऱ्यास बहुधा घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरतांना दिसतो. बोट आवरण्यासाठीं तो उलट फिरविला, कीं पिछाडी किंचित् डावीकडे ओढली जाते. ज्यास हें ठाऊक नाहीं तो गोंधळतो. ज्यास ठाऊक आहे तो, वारा-पाणी अनुकूल असल्यास, मुद्दाम डावी बाजू धक्क्याकडे घेऊन येतो. मग थांबविण्यासाठीं उलट फिरविलेला पंखाच पिछाडी धक्क्याशीं आणून ठेवितो. दोष म्हणून जें दिसतें, तें ज्ञानी माणसाच्या हातीं गुण बनतें, तें असें.

बोट लागली म्हणजे दोर बांधावयाचे. प्रवाह ज्या बाजूनें येतो त्या बाजूचा दोर प्रथम. तो पडला कीं बोट जागीं राहते आणि बाकीचे दोर सावकाश बांधतां येतात. नाळेचा एक, पिछाडीचा एक, आणि बोट पुढें-मागें सरकूं नये म्हणून तिरपे दोन, असे चार दोर साधारणपणें लागतात. पण येथेंहि भरती-ओहोटीचा विसर पडतां कामा नये. पूर्ण भरतीला आंखूड दोरानें घट्ट बांधलेली होडी ओहोटीनंतर धक्क्याला लटकते. तिचा दोर तुटतो, खुंट उपटतो किंवा ती कलंडते. म्हणून दोर लांब ठेवून दूरच्या खुंटाला बांधतात आणि पाणी चढतां-उतरतां ते ओढीत वा सोडीत राहतात. ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. तुटलेला दोर चाबकाप्रमाणें उसळतो.

हें सर्व नाखव्याचें व खलाशांचें काम झालें. परंतु उतारूंचेंहि एक काम आहे, आणि तें कोणत्याहि पालकानें मुलांस प्रथम शिकवावें इतकें महत्त्वाचें आहे. तें काम म्हणजे दोर बांधून होईपर्यंत जागेवर बसून राहणें. धक्का जवळ आला कीं लोक सामान उचलून एकाच बाजूस गर्दी करतात. त्या भारानें बोट त्या बाजूस कलते, तांडेलास पुढचें दिसेनासें होतें, आणि दोर टाकणाऱ्या खलाशास हात हलवावयास जागा उरत नाहीं. एका बाजूस लोटलेली गर्दी काय करूं शकते, ह्याची अत्यंत दुःखद साक्ष आपल्याच किनाऱ्यावर आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट पावसाळी समुद्रांत लाटांच्या माऱ्यानें कलली. भयभीत उतारू एका बाजूस धांवले. आणि बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. तो अपघात धक्क्यावरचा नव्हता. पण भाराचा नियम समुद्रांत व धक्क्यापाशीं एकच असतो.

दुसरी गोष्ट अशी कीं, बोट धक्क्यावर आदळेल असें वाटलें तरी मध्यें हात किंवा पाय कधींहि घालूं नये. पांच टनांची बोट अगदीं सावकाश, सेकंदाला अर्धा मीटर अशी, सरकत असली, तरी तिचा धक्का साठांहून अधिक किलो वजन मीटरभर उंचीवरून पडल्याइतका असतो. फळी फुटली तर सुतार ती बसवील. चिरडलेला पाय कोण बसविणार? तसेंच बोट व धक्का ह्यांमधील फटीवरून उडी मारूं नये. ती फट आतां हातभर दिसते, पण लाटेसरशीं क्षणांत दोन हात होते आणि दुसऱ्या क्षणीं मिटते. लहान मुलें, वृद्ध व ओझेंवाले ह्यांनीं खलाशाच्या हाताचा आधार घेऊनच उतरावें. त्यांत कमीपणा नाहीं.

शेवटीं तांडेलाच्या एका गुणाचा उल्लेख केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. कधीं कधीं सर्व कांहीं नीट जुळलें असतांहि ऐन वेळीं वाऱ्याची झुळूक फिरते, किंवा दोर खुंटावर पडत नाहीं. अशा वेळीं कच्चा माणूस धक्क्यावर जमलेल्या लोकांच्या नजरेनें खजील होऊन बोट तशीच दामटूं पाहतो. पक्का तांडेल कांहीं न बोलतां बोट मागें घेतो, मोकळ्या पाण्यांत जातो आणि पुन्हां एक फेरा घेऊन येतो. लोक हंसतात, उतारू कुरकुरतात. तो तिकडे लक्ष देत नाहीं. दोन मिनिटें अधिक गेलीं, तरी बोट व माणसें ह्यांची जबाबदारी आपल्यावर आहे, हंसणाऱ्यांवर नाहीं, हें तो जाणतो. आपण पुढील खेपेस होडींत बसाल, तेव्हां धक्का जवळ येतांच उठून उभे न राहतां निशाण, खांबामागील पाण्याची शेपटी आणि तांडेलाचा हात ह्यांकडे पाहा. तो नाळ भलतीकडे कां वळवीत आहे, हें आतां आपण शेजारच्या माणसास समजावून सांगूं शकाल. आणि त्यालाहि दोर बांधून होईपर्यंत बसवून ठेवूं शकाल.